ढोलाचा बेस मी मुद्दाम कमी केला होता!

दुपारचा राग अजून उतरला नाहीये, म्हणून इथेच लिहून मोकळी होते.

आज इथे कोलकात्यात, बेहालाला आमच्या मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन होतं आणि डीजे मी होते, पहिल्यांदाच! नीट झालं तर गणपतीलाही तूच, असं सेक्रेटरी काकांनी कबूल केलं होतं.

ढोल-ताशाच्या ट्रॅकवरून दुर्गापूजेत वाजतो त्या बंगाली ढाकच्या ट्रॅकवर जायचं होतं. दोन्हींचा बेस जबरदस्त, एकदम वाजले तर नुसता गोंगाट. म्हणून ढाक सुरू करताना मी ढोलाचा बेस पूर्ण खाली घेतला. ह्या दहा सेकंदांसाठी मी तीन आठवडे प्रॅक्टिस केलीये, सीरियसली.

तेवढ्यात साउंडवाल्या दादाने त्याच्या मिक्सरवर बेस फुल केला. अख्खा हॉल थरथरला. नाचणारे थांबले, पुढच्या रांगेतल्या काकूंनी कान झाकले.

मी धावत गेले. "दादा, ये क्या किया?"

"बेस चोले गेछिलो, दीदी! आमि बाचिये दिलाम." म्हणजे बेस गेला होता, त्याने वाचवला! समजावल्यावर बिचारा सॉरी तरी म्हणाला.

पण काका? सगळ्यांसमोर माइकवर म्हणाले, "राहू दे बेटा, गणपतीला आपण पेनड्राइव्हच लावू." माझं ऐकूनसुद्धा घेतलं नाही.

दोघं एकदम ओरडत असले की एकाला आधी गप्प करावं लागतं. मी तेच करत होते. मग शेवटी गप्प मलाच का केलं, सांगा ना?