मेला की नाही, हे कोण ठरवणार

माझ्या नायिकेचा नवरा कंपनीने जिवंत केला, हे मला भाजी घेताना कळलं. श्रोत्यांच्या ग्रुपवर मेसेजवर मेसेज येत होते. भाजीवाल्याकडे पिशवी तशीच विसरून मी घरी आले. डोकं नुसतं भणभणत होतं.

मोबाइलवर ऐकायची रहस्यमालिका मी लिहीत होते. पावणे गावातल्या कारखान्यांना डबे पुरवणारी, आगीत नवरा गेलेली एक विधवा बाई, आणि डबे पोचवता पोचवता ती खुनी शोधते. लोकांना आवडली. मग माझा करार संपला, कंपनीने तीच बाई नव्या लेखकांच्या टोळीला दिली आणि त्यांनी पहिल्याच भागात दारात नवरा आणून उभा केला. आगीत जळालेलं प्रेत म्हणे दुसऱ्याच कुणाचं होतं. आमच्या धंद्यात प्रेताचं तोंड दाखवलं नाही तर माणूस मेला असं कुणी धरत नाही, आणि मी त्याचं तोंड दाखवलं नव्हतं.

कंपनीत मालिकेचं काम बघणाऱ्या बाईंना फोन केला. त्या गोड बोलल्या. कथा कंपनीची आहे, तेव्हा खरं काय ते कंपनीच ठरवणार. आणि माझ्याही मनात पहिल्यापासून हेच होतं असं मी श्रोत्यांना सांगितलं तर फारच छान. वा रे वा! बाई मी घडवायची, तिला रडवायचं मी, आणि तिचा नवरा जिवंत की मेलेला हे ठरवणार एसीत बसलेली माणसं. ग्रुपवर तर त्याहून कहर. अर्धे म्हणत नवरा आला तेच खरं, अर्धे म्हणत मूळ लेखिकेचंच खरं, आणि एका महाभागाने चक्क मतदान ठेवलं. मी घरात येरझाऱ्या घालत होते. जेवण गोड लागेना, झोपेचं खोबरं झालं. शेवटी ठरवलं, ग्रुपवर लिहून टाकायचं की तो मेला, मी मारलाय, आणि ते मलाच माहीत.

त्याच दुपारी काकींनी खालून हाक मारली. शिरवण्यात मी त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. काकी दाराशी कोलंबी सोलत बसल्या होत्या, फोन बाजूला. माझी मालिका त्या पहिल्यापासून ऐकतात, पण तिच्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. मी टेकते न टेकते तोच त्यांनी विचारलं, "पयलं तूच लिवलंस ना? मंग सांग, तो मेला का हाय?"

या प्रश्नाचं उत्तर मला तोंडपाठ होतं. पण विचारत होत्या काकी. काकींचा नवरा तळोज्याला केमिकलच्या कारखान्यात होता, तिथल्या आगीत गेला. मी इथे येण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. मालिका लिहिताना ती माझ्या ध्यानीमनीही नव्हती.

"मना तोंड दावलं नाय त्याईंनी," त्या कोलंबीकडे बघत म्हणाल्या. "बांधूनच आनला."

तुला झेपायचं नाही, असं म्हणत पुरुषमाणसांनी त्यांना जवळ जाऊ दिलं नव्हतं. सगळे म्हणाले तोच, म्हणून त्यांनीही तोच मानला. बांगड्या उतरवल्या, दिवस घातले. आणि आता नवरा परत आल्याचा तो भाग ऐकल्यापासून दाराशी पाऊल वाजलं की त्या उठून बघतात. या वयात हे काय, म्हणून स्वतःचीच लाज वाटते म्हणाल्या.

एकदा स्पष्ट सांगितलं तर या बाईचा जीव थाऱ्यावर येईल असं वाटलं, आणि ते सांगायचा हक्क तर मी साऱ्या जगाशी भांडून मागत होते.

"मेला, काकी," मी म्हणाले. "मी लिहिलं तेव्हा तो मेलाच होता."

काकींनी हातातली कोलंबी सोलून भांड्यात टाकली. मग माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, लहान पोराची समजूत काढावी तसा आवाज होता.

"तुला काय ठाव? तू तं नुसतं लिवलंस."

आणि ओले हात पदराला पुसून त्यांनी पुढचा भाग लावला.