सायकलवाल्यांच्या पाठी

बीडमध्ये आमच्या चौकात एक तरुण रोज सकाळी कॅमेरा घेऊन उभा राहायचा. सायकलवरून पेपर, डबे, पार्सल पोचवणाऱ्यांचे फोटो काढायचा, तेही पाठीमागून. कुणी थांबून केस सारखे करू लागला की म्हणायचा, “मामा, चला तुमी. उभ्या सायकलचा फोटू माझ्या काय कामाचा?”

मला तो खटकायचा. मी तीस वर्षं सायकलवर टपाल वाटलं. कुणाचं घर किती दिवस बंद आहे, हे दारात पडलेल्या कागदांवरून मला कळायचं. हाही तेच हेरतो, असं माझ्या मनानं घेतलं. एकदा विचारलं, “कावून रे, तोंडाचा फोटू न्हाई काढत?”

तो हसला. “काका, तोंडाचा समदेच काढत्यात.”

हे उत्तर मला लबाडीचं वाटलं.

पुढे गल्लीतल्या एका बंद घरात चोरी झाली. हवालदारानं विचारलं, “बाबा, त्या घराचा फोटू काढताना त्या कॅमेरावाल्याला पाहिलं का तुमी?” पाहिलं नव्हतं. मी “हो” म्हणालो. त्याला सगळ्यांदेखत जीपमध्ये बसवून नेलं. दोन दिवसांनी खरा चोर सापडला, तेव्हा तो सुटला.

अजून तो चौकात येतो, पण कॅमेरा आणत नाही. मी दिसलो की बाकावर सरकून जागा देतो. “बसा काका, लई ऊन हाय.” मी बसतो आणि त्याचा चेहरा चोरून न्याहाळतो. माझं नाव त्याला कुणी सांगितलं असेल का? विचारायची हिंमत होत नाही, म्हणून इथे लिहितो: मी काहीही पाहिलं नव्हतं.