लिफ्टवाल्या सरांचा डावा हात

सरांचा पोटापाण्याचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत तेलकट तारांशी झटापट करायची आणि संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये पोरांना कराटे शिकवायचं. म्हणून सगळी वस्ती त्यांना लिफ्टवाले सर म्हणायची. नव्या माणसाला वाटायचं, हा गृहस्थ लिफ्ट चालवायला शिकवतो की काय! सरांना त्याचा राग यायचा नाही. त्यांना राग होता फक्त आरशाचा.

एका पालकाने हौसेने हॉलमध्ये भिंतभर आरसा लावून देतो म्हटलं, तर सरांनी त्या भल्या माणसाला दारातूनच वाटेला लावलं. "आरसा आला की पोरं भांग पाडत बसतात. माझ्याकडे बघायचं, मी करतो तसं करायचं, विषय संपला." पोरंही अशी गुणाची, की सर करतील ते हुबेहूब करायची. सरांना शिंक आली तरी ही शिंकतील, असं त्यांची बायको म्हणायची. ती वर्गाची काकू. गणवेश, पट्टे, फुटलेल्या गुडघ्यांना मलम, सगळं तिच्याकडे.

यंदा वर्गातली आठ पोरं राष्ट्रीय स्पर्धेला निवडली गेली. सगळी कातामध्ये. काता म्हणजे समोर कुणी नसताना, कुणीतरी मारायला आलंय असं धरून ठरलेल्या क्रमाने करायचे वार आणि बचाव. कंबरेला एकाने लाल आणि दुसऱ्याने निळा पट्टा बांधून दोघं आपापला काता करून दाखवतात, मग पाच पंच लाल किंवा निळं निशाण वर करतात. ज्याच्या रंगाची निशाणं जास्त, तो जिंकला.

त्या आठांत सरांचा जीव अडकला होता चिमणीत. अंगाने काडी, पण पाय आपटला की जमीन दणाणायची. तिच्या गटात पहिल्या येणाऱ्या मुलीला राष्ट्रीय संघाच्या शिबिरात जागा मिळणार होती. राहणं, खाणं, शिक्षण, सगळं तिथेच. दुसऱ्या क्रमांकाला टाळ्या. आणि पुढच्या वर्षी चिमणी वयामुळे या गटात बसणार नव्हती. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

स्पर्धेच्या सकाळी सर छाती काढून स्टेडियममध्ये शिरले आणि दुपारपर्यंत त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पहिला पोरगा पहिल्याच फेरीत गेला. होतं असं, सर म्हणाले. दुसरी गेली. तिसरा गेला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सात जण गारद! वेग होता, जोर होता, कुणी तोल सोडला नाही, कुणाचा क्रम चुकला नाही, तरी निशाणं भलत्याच रंगाची वर जायची. एकटी चिमणी कशीबशी, प्रत्येक वेळी एका निशाणाने, अंतिम फेरीत पोहोचली होती.

"पंच विकले गेलेत," सर दात-ओठ खात म्हणाले.

"हळू बोला हो," काकू म्हणाल्या. त्या हरलेल्या पोरांना संत्री सोलून देत होत्या.

सर तरातरा मुख्य पंच बाईंकडे गेले. त्या चहा पीत होत्या. सरांनी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "तुमची पोरं फार छान आहेत हो. पण राग मानू नका, डाव्या हाताचा वरचा बचाव तुम्ही असा का शिकवता?"

"असा म्हणजे कसा?"

"मनगट कपाळाच्या वर जायला हवं. तुमच्या सगळ्यांचं नाकासमोरच थांबतं. उजवं बरोबर जातं, डावंच खाली. खालच्या स्पर्धांमध्ये जोर बघून चालवून घेतात, इथे नाही घेत. आम्हाला वाटलं, तुमच्याकडची काही वेगळी पद्धत असेल."

"छे! आमची पोरं? शक्यच नाही," सर म्हणाले. पण परत येताच त्यांनी काकूंचा मोबाईल घेतला आणि सकाळपासूनची चित्रफीत लावली.

पहिला पोरगा. डावा हात नाकासमोर. दुसरी. नाकासमोर. तिसरा, चौथी... खांद्यातून हात उठतो, मध्येच अडकतो, कोपर किंचित बाहेर पडतं आणि हात तिथेच थांबतो. आणि शेवटी, पोरांची तयारी करून घेताना, पांढऱ्या केसांचा एक माणूस. काकूंनी सहज टिपलेला. त्याचाही हात तसाच अडकला, तसंच कोपर बाहेर पडलं.

तो माणूस म्हणजे स्वतः सर. त्यांनी तेवढाच तुकडा पुन्हा लावला.

चार वर्षांपूर्वी लिफ्टच्या खड्ड्यात पाय घसरून ते खांद्यावर आपटले होते. काही दिवस हात गळ्यात होता, मग दुखणं थांबलं. दुखणं थांबलं म्हणजे हात बरा झाला, असा त्यांचा सरळ हिशेब. त्यांना तर अजूनही वाटत होतं, हात पार वर जातो! मग एकेक गोष्ट डोक्यात घण घातल्यासारखी आदळू लागली. घरातले वरच्या फळीवरचे डबे खाली कधी आले? डोक्यातून घालायच्या सदऱ्यांऐवजी काकूंनी पुढून बटणं असलेले शर्टच का आणायला सुरुवात केली? अरे देवा, सर मनात म्हणाले, माझा मोडका खांदा मी आठ लेकरांना लावला!

पण आता रडत बसायला वेळ नव्हता. अंतिम फेरी तोंडावर आली होती. ते धावतच चिमणीकडे गेले, मागोमाग काकू आणि ती सात पोरं. ती कंबरेचा निळा पट्टा घट्ट करत होती.

"चिमणे, नीट ऐक. डावा हात कपाळाच्या वर न्यायचा. आपण करतो ते चूक आहे."

चिमणीने मान खाली घातली. "माहीत आहे, सर."

"काय माहीत आहे?"

"हात वर जायला हवा ते. आम्हाला सगळ्यांनाच माहीत आहे. पुस्तकात चित्र आहे ना."

सरांना काही सुधरेना. "मग करत का नव्हतीस, बाई?"

"तुमचा जात नाही ना, सर. काकूंनी सांगितलं होतं, सरांना हातावरून काही जाणवू द्यायचं नाही. आम्ही वर नेला असता तर तुम्हाला कळलं असतं. मग वर्गातल्या मोठ्या ताई-दादांनी ठरवलं, सगळ्यांनी खालीच ठेवायचा. नवीन पोरांनाही पहिल्या दिवशी तेच सांगतो आम्ही."

काकूंच्या हातातलं संत्रं खाली पडलं. "अगं ए! मी बोलू नका म्हटलं होतं! हात खाली ठेवा असं कधी म्हटलं मी?"

सर बायकोकडे बघत राहिले, मग त्या सात जणांकडे. सातही पोरं चोरी पकडल्यासारखी जमिनीकडे बघत होती. चार वर्षं! चार वर्षं ही चिमुरडी रोज संध्याकाळी आपल्याला सांभाळून घेत होती, आणि आपण त्यांच्यावर ओरडत होतो, नीट करा, नीट करा म्हणून. लाज, माया, संताप, सगळं एकदम दाटून आलं आणि त्यातलं काय आधी बाहेर काढावं ते सरांना समजेना. तेवढ्यात चिमणीचा पुकारा झाला.

"वर न्यायचा," ते कसेबसे म्हणाले. "माझी शपथ आहे तुला."

"तुम्हाला चालेल?"

"पळ!"

चिमणी मैदानात उभी राहिली. पहिला डावा बचाव आला आणि तिचा हात सरळ कपाळाच्या वर गेला, स्वच्छ, सणसणीत. सर जागेवरच ताडकन उभे राहिले. दुसराही तसाच. तिच्या आधी काता केलेली लाल पट्ट्याची मुलगी चांगली होती, पण चिमणी आज काही औरच होती. पंच बाईसुद्धा पुढे सरकून बसल्या. शेवटच्या वळणावर तिने पाय आपटला, ओरडली आणि डावा हात उचलला.

हात नाकासमोर थांबला. कोपर किंचित बाहेर पडलं.

दोन निळी निशाणं वर गेली, तीन लाल.

तिने रीतसर वाकून नमस्कार केला, प्रतिस्पर्धी मुलीशी हात मिळवला आणि शांतपणे चालत आली. डोळे कोरडे. काकूंनी पुढे केलेला टॉवेलही तिने घेतला नाही. सरांसमोर उभी राहून म्हणाली, "सॉरी, सर. दोनदा नेला मी वर. शेवटी घाई झाली आणि तुमच्यासारखा झाला."

सरांनी सगळ्यांसमोर डावा हात उचलला. उचलत गेले, आणि जिथे अडकायचा तिथे तो अडकला. दात आवळून त्यांनी जोर लावला, पण तो तसूभरही पुढे सरकला नाही. पोरं बघत होती. काकूंनी तोंडावर पदर धरला होता.

"हा मोडलाय, बाळा," सर म्हणाले. "तुझा चांगला आहे."

हरल्यावर न रडलेली चिमणी तेव्हा रडली.