कारपार्कमधली हजेरी

माझे वडील ऑस्ट्रेलियातल्या एका बौद्ध विहाराच्या कारपार्कमध्ये बेपत्ता झाले, तेव्हा त्यांना पुण्यात वारून सहा महिने झाले होते.

बाबांनी जन्मभर कर्मकांडाविरुद्ध पत्रकं काढली. मी अक्षरं गिरवली तीही उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. ‘माझ्यामागे काहीही करायचं नाही’ असं ते लिहून गेले आणि आम्ही काहीही केलं नाही. अंमलबजावणी माझ्याकडे होती. तेराव्या दिवशी शेजारच्या काकू खीर घेऊन आल्या, तर मी त्यांना दारातच शोषणाचा इतिहास ऐकवला! (खीर दादाने खाल्ली.)

मग दादा आणि मी आईला आमच्याकडे, ऑस्ट्रेलियात क्वेकर्स हिलला घेऊन आलो. ती दिवसभर टीव्हीसमोर बसायची. टीव्ही बंद केला तरी तिकडेच बघत राहायची. ना हसली, ना रडली. एका शनिवारी मात्र म्हणाली, “त्या लाकडी देवळात उद्या गेलेल्या माणसांची नावं वाचतात म्हणे. ह्यांचंही वाचू दे.”

“आई! बाबांच्या तत्त्वांचं काय?”

“तत्त्वं त्यांची. नाव मला ऐकायचंय. तुम्ही ‘बाबा’ म्हणायचात, मी ‘अहो’. एक उखाणा सोडला तर मी ते कधी तोंडातून काढलं नाही. आता ते घेणारं कोण उरलंय गं?”

यावर माझ्याकडे पत्रक नव्हतं.

पण गाडीत दोन तास तोंड होतंच. “उदबत्ती नाही, नारळ नाही, नमस्कारसुद्धा नाही!”

“अगं, नुसती यादी वाचणार आहेत,” दादा म्हणाला.

“सुरुवात यादीनेच होते!”

“मेट, तू उतर आणि चालत ये,” दादा ऑस्ट्रेलियन थाटात म्हणाला.

विहार गम ट्रीच्या, म्हणजे निलगिरीच्या, रानात होता. शेकडो वर्षांपूर्वीचे लाकडी खांब जपानहून जहाजाने आणून, एकही खिळा न ठोकता पुन्हा उभे केलेले. वारा गरम, आभाळ धुरकट. दारातल्या टेबलावर दादाने बाबांचं नाव यादीत लिहिलं. चाळिसावं. आईने त्या कागदावरून एकदा बोट फिरवलं आणि चपला काढल्या. मीही बूट काढून पायरी चढले. वर दोरीला घंटा टांगलेली होती.

माझा हात वर गेला. शपथेवर सांगते, मी नव्हते, हात होता! (पंचवीस वर्षं बुद्धिप्रामाण्यात वाढले, पण हात मात्र कसबा पेठेतला!)

ठण्ण!

लाकडी देऊळ, भर उन्हाळा, भोवती रान. तिथे ती घंटा एकाच कारणासाठी वाजते: आग लागली तर. तशी पाटीही होती. माझ्या नाकासमोर.

आतून भिक्षुणी धावल्या, म्हातारेकोतारे धावले, साठेक माणसं अनवाणी कारपार्कच्या खडीवर गोळा झाली. नारिंगी जाकिटातल्या केव्हिन नावाच्या स्वयंसेवकाने टेबलावरचा कागद उचलला आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली.

“मार्गारेट!”

शांतता.

“पीटर!”

शांतता. केव्हिनचा चेहरा उतरत चालला. कशी ‘ओ’ देणार? ती मेलेल्यांची यादी होती! हे मला दुसऱ्याच नावाला कळलं. पण बोलायचं तर घंटा कोणी वाजवली हेही सांगावं लागणार. तेव्हा सत्याच्या बाजूने आजवर निर्भीडपणे लिहीत आलेली मी दादाच्या पाठीमागे गेले. एकेक करत केव्हिन शेवटच्या नावावर आला.

“डी... नाय्... नेश... वार टिपरे!”

आई दचकली. केव्हिनने पुन्हा हाक मारली. मग आणखी एकदा, रानाकडे तोंड करून, हातांचा कर्णा करून. तेवढ्यात कोणीतरी फोन करून बोलावलेला बंब आला. चाळीसपैकी चाळीस बेपत्ता! दोन जवान हेल्मेट चढवून आत शिरायला निघाले. “टिपरेंना शेवटचं कोणी पाहिलं?”

दादाने मला पुढे ढकललं.

“मी,” मी म्हणाले. “ते वारलेत.”

“आत?!”

“नाही. पुण्यात.”

आई फस्सकन हसली. सहा महिन्यांत पहिल्यांदा! हसता हसता खडीवरच बसली आणि तिथे तिला जे रडू फुटलं ते थांबेना. केव्हिनने टोपी काढली. “सॉरी, डार्लिंग.”

“सॉरी राहू दे,” आई डोळे पुसत मला म्हणाली. “मेल्याने नाव धड घेतलं नाही. तू घे. मोठ्याने.”

“आई, इथे? मी?”

“मग कोण, फायर ब्रिगेड?”

मी कागद घेतला. “ज्ञानेश्वर टिपरे!” पहिल्यांदा आवाज चिरकला म्हणून पुन्हा घेतलं. आईने डोळे मिटून हात जोडले. मी पुढे काही बोलणार, तोच एका व्हिएतनामी आजीने माझी बाही ओढली आणि यादीतल्या आपल्या नवऱ्यावर बोट ठेवलं. मग आणखी कोणीतरी. चाळीसच्या चाळीस नावं मी वाचली. शेवटी शेवटी चक्क चालीवर, असं दादा सांगतो.

बाबांनी आयुष्यात एकाही भटजीला उंबरा ओलांडू दिला नाही. त्यांना काय कल्पना, तो घरातच वाढत होता!