लायपेज उतरलं म्हणून आंबील आणली

दवाखान्याच्या बाकड्यावर बसून लिहून राह्यलो.

माझा मोठा भाऊ अहेरीला असतो. परवा पोट धरून लोळत होता. स्वादुपिंडाला सूज आली म्हणून त्याला चंद्रपूरला भरती केलं. तेव्हा रक्तातलं लायपेज, म्हणजे स्वादुपिंडातला पाचक रस, खूप वाढलेलं होतं. आज सकाळी ते निम्म्याच्याही खाली आलं. मी लगेच घरच्या ग्रुपवर टाकलं, "दादा सुधारला!"

दादाही उठून बसला होता. "पोट हलकं वाटून राह्यलं. आंबील नाई आणली का?" वहिनीनं डबा उघडला. दुखण्यातून उठलेल्या माणसाच्या पोटात आमच्याकडे आधी आंबीलच जाते.

तेवढ्यात डॉक्टर मॅडम आल्या. "डबा बंद करा! लायपेजनं आजार कोणता ते समजते, किती भारी ते नाई समजत. हे सुजेचं सीआरपी पाहा, किडनीचा युरिया पाहा. दोन्ही चढून राह्यले. यायले आत्ताच आयसीयूत न्या लागते."

"पण मॅडम, तो तर हसून बोलून राह्यला!"

"म्हणूनच घाई करून राह्यली, भाऊ. बिघडायच्या आधी न्या लागते."

दुपारी त्याच दादाला श्वास पुरेना. आता आयसीयूच्या काचेपलीकडे तोंडाला मास्क लावून पडलाय. माणूस हसत असताना त्याचं रक्त असं काही सांगत असतं, हे मला खरंच माहीत नव्हतं. डबा वहिनीच्या मांडीवर तसाच आहे.

माझ्या मेसेजखाली अजून टाळ्या येऊन राह्यल्या. आणि आत्ता गावाहून आईचा फोन वाजतोय. तिला एवढंच विचारायचं असेल, दादानं आंबील खाल्ली का?

तुम्ही असते तर काय सांगितलं असतं?