होडीला बांधलेली तिरकी रेघ

आगबोट मालवणच्या किनाऱ्यापासून लांबच थांबली. तिथून होडक्यात उतरताना माझं लुगडं भिजलं, चप्पल वाहून गेली. पण आमच्या यांचं चित्र मी डोक्यावर धरून कोरडं ठेवलं. तशी ताकीदच होती. पांढऱ्यावर दोन काळे त्रिकोण, एक लाल अर्धगोल आणि सगळ्यांना छेदून जाणारी एक तिरकी रेघ. मुंबईच्या प्रदर्शनात ते लागायचं होतं, यांचं पहिलंच. रेघ अजून मनासारखी उतरत नव्हती, म्हणून हा समुद्रकाठचा मुक्काम. घरी पाहुण्यांनी "हे काय काढलंय?" विचारलं, की मी स्वयंपाकघरातून सांगायची, "भूमितीचा पेपर." पाहुणे हसत. हे हसत नसत.

तारकर्लीत आम्ही एका तांडेलाकडे (होडीच्या मुख्याकडे) उतरलो. त्यांच्या बायकोने, सुंदरावैनीने, पहिल्याच दुपारी तिखलं (तिरफळ घातलेलं मासळीचं कालवण) वाढलं आणि मी लाज सोडून जेवले. तांडेलाने नवी होडी बांधली होती. ती बघायला सगळं गाव यायचं, पण अंगणात वाळत ठेवलेल्या चित्रापाशीच खिळून राहायचं. एक मासेवाली टोपली खाली ठेवून अशी बघत राहिली, की मांजराने पेडवे पळवले तरी तिला पत्ता नाही. रेघ एकदाची जमली तेव्हा हे दोन घास जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी उठून बघतो तर अंगणात चित्र नाही. सुंदरावैनी शांतपणे खोबरं किसत होती. होडी पहिल्यांदा समुद्रात गेली होती आणि चित्र तिच्या पुढच्या टोकाला बांधलं होतं.

"नव्या होडयेक लोकांची नजर लागता," ती म्हणाली. "ह्यां चित्र बघल्यार माणूस थयच थांबता. आता नजर लागतली ती चित्राक, होडयेक नाय."

एरवी तिथे जुनी चप्पल बांधतात, असंही तिने सांगितलं, तसे हे तडक किनाऱ्याकडे निघाले. मला हसू आवरेना. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि हसणं जिरलं. दिवसभर ते वाळूत बसून राहिले, जेवलेही नाहीत.

उन्हं कलल्यावर होड्या परतू लागल्या. सगळ्यांची शिडं सारखीच. सुंदरावैनी डोळ्यांवर हात धरून शोधत होती, पण बोट आधी मी दाखवलं. लांबून त्रिकोण दिसत नव्हते, अर्धगोल दिसत नव्हता. दिसत होती ती फक्त रेघ. लाटेबरोबर सगळं डुलत होतं आणि ती एकटी सगळ्यांना धरून होती. इतके दिवस डोळ्यांसमोर असून ती मी आज पाहिली, याची मला लाज वाटली.

होडी बांगड्यांनी भरली होती. तांडेलाने चित्र सोडून यांच्यापुढे धरलं, पण त्यांचा हात काही सुटेना. यांनी ते पुन्हा त्यांच्याकडेच सरकवलं.

"राहू दे तिथेच," ते म्हणाले. "मुंबईत लोक आधी चित्राखालची चिठ्ठी वाचतात."

परतताना आमच्याजवळ चित्राऐवजी सुक्या बांगड्यांची करंडी होती आणि आगबोटीवर आमच्या शेजारी कुणी बसेना. प्रदर्शनात यांची जागा रिकामी राहिली.

परवा यांनी नवं चित्र भिंतीला टेकवलं. मी भाताखालचा जाळ कमी करायला निघाले होते, वाटेत जरा थांबले. भात पार करपला. हे तो जेवले, वर पुन्हा मागून घेतला.