चौथा सोमवार

"सर, बैठकीत बोलण्याचा धीर तुम्हांला कसा आला?" निवृत्तीच्या आधी आमच्या कचेरीतल्या एका अबोल मुलीने मला विचारले होते. मी तिला रीत सांगितली. म्हणायचे ते एका वाक्यात लिहून काढावे, घरी तीनदा मोठ्याने म्हणावे, आणि बैठकीत ते वाक्य संपेपर्यंत कोणाच्याही तोंडाकडे पाहू नये. रीत खरी आहे. ती मला कशी मिळाली, ते मात्र मी तिला सांगितले नाही.

माझे शिक्षण पाठशाळेत झाले. गुरुजींची दृष्टी आपल्यावर आल्यावाचून तोंड उघडायचे नाही, हा तिथला पहिला नेम. तो माझ्या अंगात मुरला. पुढे शहागंजातील काही व्यापाऱ्यांनी दुष्काळात टँकरने पाणी पुरवण्यासाठी एक धर्मादाय मंडळ काढले, तिथे मी कारकून झालो. दर सोमवारी व्यवस्थापकांपुढे बैठक भरे, आठवड्याचे टँकर कुठे जायचे ते ठरे, आणि मी खाली मान घालून लिहून घेई. "शास्त्रीबुवा, मौनव्रताचं उद्यापन कधी?" असे एक सहकारी विचारी. सगळे हसत, मीही हसे. व्यवस्थापक मनाने वाईट नव्हते. ते घाईत असत, आणि जो बोले त्याच्याकडेच पाहत.

शनिवारी मी शहराबाहेर पडेगावच्या पुढे एका मारुतीच्या देवळात पायी जात असे. वाटेवर मेंढपाळांच्या पंधरा-वीस झोपड्या होत्या. तिथली एक वृद्धा मला लिंबाखाली बसवून तांब्याभर पाणी देई. सलग दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला, तेव्हा तांब्याच्या जागी पेला आला, आणि पुढे पेलाही अर्धा येऊ लागला. नको म्हटले की ती रागवे. "देवाला चाललाय, अन् कोरड्या घशानं जाता व्हय?"

एका शनिवारी ती म्हणाली, "महाराज, तुमचा टँकर त्या नव्या प्लॉटांपर्यंत येतो अन् तिथनंच माघारी फिरतो. आमच्या वाटंला काहून येत नाय?"

कारण माझ्या तत्काळ ध्यानात आले. दिवाळीनंतर आमची यादी झाली, तेव्हा ही माणसे मेंढ्या घेऊन चाऱ्यासाठी दूर गेली होती. झोपड्या रिकाम्या दिसल्या, म्हणून वस्ती यादीत यायची राहिली. हे सांगू शकणारा कचेरीत मी एकटाच होतो.

"सोमवारी सांगतो, आजी."

"सांगा बरं. मेंढ्या हायेत तवर आमी इथं. त्या गेल्या की आमीबी गेलो."

त्या सोमवारी व्यवस्थापकांनी यादी वाचली. त्यांची दृष्टी माझ्याकडे वळेल म्हणून मी वाट पाहत राहिलो. ती माझ्यावरून खिडकीकडे गेली. "चला, झालं," ते म्हणाले, आणि बैठक उठली. दुसऱ्या सोमवारी मी वाक्य लिहून नेले. तोंड उघडले तोच कोणी टँकरच्या फुटलेल्या टायरचा विषय काढला, आणि मी तोंड मिटले. तिसऱ्या सोमवारी तो कागद खिशात घामाने भिजला. माझ्या भित्रेपणाला मी मनाशी विनय म्हणत होतो. यात गुरुजींचा दोष नव्हता.

दर शनिवारी ती विचारी, "बोललात का?" मी म्हणे, "पुढच्या सोमवारी नक्की." तिसऱ्या सोमवारनंतरच्या शनिवारी तिने विचारलेच नाही. पाणी तेवढे दिले. मेंढ्यांचा आवाज नव्हता. चरायला गेल्या असतील, असे मला वाटले.

चौथ्या सोमवारी पहाटे संध्या आटोपल्यावर तुळशीपुढे उभा राहून मी ते वाक्य तीनदा म्हटले. बैठकीत कोणी उभे राहत नसे. मी पाठशाळेतल्यासारखा उभा राहिलो, आणि जमिनीकडे पाहत म्हणालो, "पडेगावच्या पुढची मेंढपाळांची वस्ती यादीत यायची राहिली आहे, तिथे टँकर जायला हवा."

"राहिली?" व्यवस्थापक म्हणाले. "अहो, मग इतके दिवस बोलला का नाहीत? बसा, बसा, उभे कशाला!" त्यांनी पेन्सिलीने यादीत एक ओळ वाढवली. समोरचा चहा निवायच्या आत सारे झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी टँकरच्या चालकाशेजारी बसून निघालो. वस्तीत चुलींचे दगड होते, माणूस नव्हता. प्लॉटांवरचा राखणदार म्हणाला, "गेले की परवा. मेंढ्या गुरुवारी छावणीतल्या जनावरांच्या बाजारात इकल्या. आता शहरात बांधकामावर हायेत म्हणं." चालकाने मला विचारले, "पाणी कुठं सोडू?"

त्यानंतर बैठकीत मी कधी गप्प राहिलो नाही. दर खेपेस भय थोडे ओसरत गेले, आणि यथाकाल व्यवस्थापकाची खुर्चीही मिळाली. सहकारी कौतुक करीत, तेव्हा मला तो लिंब आठवे.

वस्ती उठली त्याच्या पुढल्याच उन्हाळ्यात शहरातल्या पुंडलिकनगरात एका नव्या इमारतीपाशी ती मला दिसली. हातात पाइप धरून ताज्या भिंतींवर पाणी मारीत होती.

"मेंढ्यांना नाय पुरलं, आता भिंतींना पाजते बघा," ती हसून म्हणाली. "लई पित्यात." मग पाइप खाली करून तिने विचारले, "महाराज, बोललात का मंग?"

"बोललो, आजी."

"आमी गेलो त्याच्या आदी, का मागनं?"

"एक दिवस मागून."

ती पाइप वाळूवर ठेवून सावलीतल्या माठाकडे गेली. "बसा. लांबनं आलाय," म्हणाली, आणि पेला माझ्या हातात दिला. तो काठोकाठ भरलेला होता.